नूटकाच्या किनाऱ्यावरील फाटलेली वही

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून व्हॅन्कूव्हर नावाचे एक लांबलचक बेट आहे. या बेटाच्या वायव्य टोकाला नकाशात ‘केप स्कॉट’ असे नाव दिलेले आढळते. समोरच्या खडकाळ बेटांनाही स्कॉटचेच नाव आहे. ज्याचे नाव त्या टोकाला मिळाले तो गृहस्थ तिथे कधी गेलाच नव्हता. डेव्हिड स्कॉट हा मुंबईचा व्यापारी. मुंबईहून निघालेल्या दोन जहाजांसाठी त्याने पैसा उभा केला, आणि त्या जहाजांवरच्या माणसांनी उपकारकर्त्याचे नाव जगाच्या दुसऱ्या कडेला कोरून ठेवले. जहाजांची नावे ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्सपेरिमेंट’. मुंबई सोडल्याची तारीख ८ डिसेंबर १७८५. या सफरीचा म्होरक्या जेम्स स्ट्रेंज याने लिहिलेली रोजनिशी गेले काही महिने माझ्या उशाशी आहे. मुंबईला शिकत असलेल्या माझ्या भाच्याने तिची छापील पाने बांधून मला आणून दिली.

अंबाजोगाईत बसून समुद्रावर लिहावे हे कित्येकांना हास्यास्पद वाटेल. बालाघाटच्या डोंगररांगेतले हे गाव. इथून कोणत्याही दिशेला गेले तरी समुद्राचा वारा लागण्यास पुष्कळ मजल मारावी लागते. तरीही समुद्र इथे अगदीच अनोळखी नाही. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे. परळीच्या वैजनाथाशी ठरलेला तिचा विवाह मुहूर्त टळल्यामुळे राहून गेला आणि वऱ्हाडी मंडळी शिळा होऊन बसली, ही कथा आमच्या गावात शेंबडे पोरही सांगते. किनाऱ्यावरची माणसे देवीच्या ओढीने शतकानुशतके घाट चढून इथे येत राहिली. शिवाय हे हस्तलिखितांचे गाव आहे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथली. दासोपंतांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर आपला ग्रंथ लिहिला तोही इथेच. ती पासोडी टिकली म्हणून आपण दासोपंतांना जवळून ओळखतो. लिहिलेले टिकणे आणि न टिकणे यांत काय अंतर असते, हा विचार या गावच्या माणसाला सहज सुचावा.

प्रथम या व्यापाराची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण मराठीत ती फारशी कुणी सांगितलेली माझ्या पाहण्यात नाही. कॅप्टन जेम्स कुकची जहाजे १७७८ च्या मार्चअखेर व्हॅन्कूव्हर बेटावरील नूटका खाडीत शिरली. तिथल्या लोकांकडून खलाशांनी सागरी पाणमांजराची कातडी किरकोळ वस्तूंच्या बदल्यात घेतली, ती थंडीत अंगावर घेण्यापुरती. पुढे कुक हवाई बेटांत मारला गेला. उरलेली माणसे चीनमध्ये कँटनच्या बाजाराजवळ पोहोचली, तेव्हा त्या वापरलेल्या कातड्यांतील उत्तम नगाला एकशेवीस डॉलरपर्यंत भाव मिळाला. खलाशी वेडावून गेले. परत त्याच किनाऱ्याला चला, असा त्यांनी हट्ट धरला आणि बंड होते की काय, अशी वेळ आली. या प्राण्याच्या अंगावर एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस असतात. इतकी दाट लव दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला नाही. चीनच्या श्रीमंतांना ती हवी होती आणि इंग्रजांना चीनचा चहा हवा होता. चहासाठी रोकड चांदी मोजावी लागे. चांदीऐवजी कातडी देता आली तर काय बहार होईल, हा हिशेब कुकच्या सफरीचे वृत्त १७८४ मध्ये छापून येताच अनेकांनी एकाच वेळी मांडला.

त्यांपैकी एक हा जेम्स स्ट्रेंज. प्रसिद्ध उत्कीर्णक रॉबर्ट स्ट्रेंज याचा हा मुलगा, मद्रासला कंपनीच्या नोकरीत होता. मुंबईत स्कॉटशी त्याचे जुळले. तीनशे टनांचे एक आणि शंभर टनांचे दुसरे अशी दोन जहाजे सिद्ध झाली. नूटकाला ठाणे वसवावे या हेतूने सैनिकांची एक लहान तुकडीही बरोबर दिली गेली आणि तिच्यावर मुंबई पलटणीचा अलेक्झांडर वॉकर हा एकवीस वर्षांचा अधिकारी नेमला गेला. हा वॉकर १७८४ च्या जानेवारीअखेर मंगळूरचा किल्ला टिपूच्या स्वाधीन झाला तेव्हा आपण होऊन ओलीस राहिला होता. त्याच वर्षीच्या राखेच्या बुधवारी मंगळूरच्या कॅथॉलिक कुटुंबांची धरपकड झाली आणि त्यांना श्रीरंगपट्टणाकडे नेण्यात आले. आपल्या समाजाच्या इतिहासातील त्या दुःखद पर्वाच्या इतक्या जवळून गेलेला हा तरुण दोन वर्षांत पॅसिफिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर शब्दसंग्रह करीत बसलेला दिसतो, याचे मला वाचताना राहून राहून नवल वाटले.

सफर सुखाची झाली नाही. जहाजांवर स्कर्व्हीने माणसे खंगली. साडेसहा महिन्यांनी, १७८६ च्या जूनअखेर, नूटकाचा किनारा दिसला. तिथे त्यांना कळले की आपण पहिले नाही. जेम्स हॅना नावाचा एक कप्तान आदल्याच वर्षी मकावहून साठ टनांचे गलबत घेऊन येऊन गेला होता आणि पाचशे साठ कातडी नेऊन वीस हजारांवर डॉलर मिळवून बसला होता. स्ट्रेंजने महिनाभर मुक्काम केला, मग उत्तरेला अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडपर्यंत धडक मारली. वाटेत केप स्कॉटला नाव दिले, एका जलाशयाला राणी शार्लटचे नाव दिले. हाती पडली एकूण सहाशे चार कातडी. कँटनला त्यांचे चोवीस हजार डॉलर आले. दोन जहाजे, पलटण, इतक्या माणसांचा पगार आणि शिधा यांच्यापुढे ती रक्कम म्हणजे दर्या में खसखस. स्ट्रेंजचे स्वतःचे दहा हजार पौंड या सौद्यात गुंतले होते. ठाणे वसवण्याचा बेतही सोडून देण्यात आला.

त्याची रोजनिशी मात्र राहिली. मद्रासच्या दप्तरखान्यात ती दीडशे वर्षे पडून होती. १९२८ मध्ये मद्रास सरकारच्या छापखान्याने ती ए. व्ही. वेंकटराम अय्यर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. वॉकरचे लिखाण तर त्याहून उशिरा, १९८२ मध्ये छापले गेले. दोन्ही वाचली म्हणजे एकाच जहाजावर बसलेली दोन माणसे किती निराळे पाहतात ते कळते. स्ट्रेंजची नजर कातड्यावर आहे. कोणत्या वस्तूला किती नग मिळाले आणि तांब्याला काय भाव आला, यापलीकडे तो फारसा जात नाही. वॉकर शब्द विचारतो, चालीरीती विचारतो, आणि समोरचा माणूस सौद्यात आपल्यापेक्षा चतुर आहे हे मोकळेपणाने मान्य करतो. पुढे हाच वॉकर बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट झाला. काठियावाडचा १८०७ चा बंदोबस्त त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि जाडेजा राजपुतांतील मुली मारण्याची चाल थांबावी म्हणून त्याने करारनामे करवून घेतले ते याच काळात. गुजरातच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटणारा हा माणूस तरुणपणी मुंबईहून नूटकाला जाऊन आला होता, हे आमच्या शिक्षकांनी कधी सांगितले नाही. त्यांना तरी कोण सांगणार!

परंतु मला ज्याने झोप येऊ दिली नाही तो माणूस स्ट्रेंज नव्हे आणि वॉकरही नव्हे. तो जॉन मकाय. जहाजावरच्या डॉक्टरचा हा मदतनीस नूटकाला आजारी होता. त्याने तिथेच राहावे, लोकांची भाषा शिकावी, त्यांचा विश्वास संपादन करावा आणि पुढच्या वर्षी मुंबईची जहाजे परत येतील तेव्हा सारे सांगावे, असे ठरले. नूटकाचा प्रमुख माक्विना याने त्याचा सांभाळ करण्याचे वचन दिले. मकायने माक्विनाच्या मुलावर उपचार केले होते, त्यामुळे भरवसा होता. स्ट्रेंजने त्याला लाल कोट दिला, बियाणे दिले, शेळ्यांची जोडी दिली आणि रोजचे रोज लिहून ठेवण्यासाठी कागद व शाई दिली. मुंबईची जहाजे पुन्हा कधी तिकडे गेली नाहीत.

ऑगस्टमध्ये हॅना दुसऱ्यांदा तिथे आला, तेव्हा मकायने त्याच्याबरोबर जाण्याचे नाकारले. सुकी मासळी आणि देवमाशाचे तेल आपल्याला आता गोड लागू लागले आहे, असे तो म्हणाला म्हणतात. पुढे एकदा त्याच्या हातून माक्विनाच्या मुलाचा पाळणा ओलांडला गेला. ते त्यांच्यात निषिद्ध होते. त्याला मार पडला, घराबाहेर काढण्यात आले, आणि पुढे ते मूल दगावले तेव्हा त्याच्या वाट्याला आणखी हाल आले. हिवाळ्यात लोक खाडीच्या आत राहायला गेले तसा तोही त्यांच्यामागे उपाशीतापाशी फिरला. १७८७ च्या जूनमध्ये चार्ल्स बार्कले याचे ‘इम्पीरियल ईगल’ हे जहाज आले, तेव्हा पाणमांजराची कातडी पांघरलेला, मळाने माखलेला हा इसम नावेतून जवळ आला आणि त्याने आपली ओळख दिली. त्याची वही लोकांनी फाडून टाकली होती.

त्या जहाजावर कप्तानाची सतरा वर्षांची पत्नी फ्रान्सिस होती. त्या किनाऱ्याला उघडपणे आलेली ती पहिली युरोपीय स्त्री. तिनेही रोजनिशी लिहिली. पुढे बार्कलेचे नकाशे आणि वही जॉन मीअर्स या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती पडली आणि त्याने ती आपल्या कर्तृत्वात जमा केली, ही खंत तिने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत नोंदवली. त्या आठवणी राहिल्या आहेत. मूळ रोजनिशी १९०९ मध्ये ब्रिटिश कोलंबियात तिच्या नातवाच्या घराला आग लागली तीत गेली, असे मानले जाते. एक वही फाटली, एक जळाली. ज्या दोघांनी त्या लोकांना सर्वांत जवळून पाहिले त्यांच्याच वह्या नेमक्या गेल्या.

आपल्या धर्मबंधूंनीही या किनाऱ्यावर लिहून ठेवले आहे, आणि तेही कुकच्या चार वर्षे आधी. स्पॅनिश नौदलाचा हुआन पेरेस १७७४ मध्ये ‘सांतियागो’ जहाज घेऊन उत्तरेला गेला. त्याच्याबरोबर हुआन क्रेस्पी आणि तोमास दे ला पेन्या हे दोन फ्रान्सिस्कन फादर होते. क्रेस्पी हा संत हुनिपेरो सेरा यांचा जवळचा सहकारी. त्या वर्षी २० जुलै रोजी हैदा लोकांच्या होड्या गात गात जहाजाकडे आल्या आणि पाण्यावर पिसे उधळली गेली. पिसे उधळणे हा शांततेचा संकेत होता. क्रेस्पीने ते गाणे, त्या घोंगड्या, कोरीव लाकडी पेट्या, स्त्रियांच्या खालच्या ओठात बसवलेली लाकडी चकती, सारे बारकाईने टिपले आहे. व्यापारात स्वतः न पडलेल्या माणसाचे ते लिखाण आहे आणि त्याची कळा निराळी आहे. ऑगस्टमध्ये हे जहाज नूटकाच्या तोंडाशी थांबले. किनाऱ्यावर कुणीही उतरले नाही. तरी एक गंमत घडली. चार वर्षांनी कुक आला तेव्हा नूटकाच्या एका माणसाजवळ दोन चांदीचे चमचे सापडले. हे स्पॅनिश लोकांकडून आले असणार, असा त्याने तर्क केला. पुढे १७८९ मध्ये एस्तेबान होसे मार्तिनेस या अधिकाऱ्याने ते चमचे आपल्याजवळून ‘सांतियागो’वर असताना चोरीस गेले होते, असा खुलासा केला. हाच मार्तिनेस नूटकाला स्पेनचा हक्क सांगायला आला होता, आणि त्याच्या माणसांच्या हातून माक्विनाचा आप्त कालिकम गोळी लागून मेला. त्या वेळी ठाण्यावर धर्मगुरू होते. ते वाचताना मी पुस्तक काही वेळ बाजूला ठेवले.

माक्विनाचे नाव पुन्हा १८०३ मध्ये येते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ‘बोस्टन’ नावाच्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने त्याचा अपमान केला. आधीच्या जहाजांनी केलेल्या कागाळ्यांची बाकी मनात होतीच. माक्विनाच्या लोकांनी जहाजावर हल्ला केला आणि दोन माणसे सोडून सर्वांना ठार केले. त्यांपैकी जॉन ज्युइट हा लोहार होता म्हणून वाचला. कारण लोहाराचा उपयोग असतो. सव्वादोन वर्षे तो माक्विनाच्या घरी गुलाम म्हणून राहिला. त्याने रानफळांच्या रसात कोळशाची पूड मिसळून शाई केली, डोमकावळ्याच्या पिसाची लेखणी केली आणि रोज चार ओळी लिहिल्या. एकदा माक्विनाने विचारले, हे काय करतोस? हवापाण्याची नोंद ठेवतो, असे ज्युइटने सांगितले. माक्विनाचा त्यावर विश्वास बसला नाही. तू माझ्याविषयी वाईट लिहितोस, पुन्हा लिहिताना दिसलास तर हे आगीत टाकीन, असे त्याने बजावले. ती वही १८०७ मध्ये बोस्टन येथे छापली गेली, आणि माक्विनाची शंका खरी होती हे सर्वांना वाचायला मिळाले.

या ठिकाणी मला माझ्याविषयी थोडे सांगावे लागते. मराठवाड्यात आमच्यासारखी कुटुंबे ख्रिस्ती झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, फ्रान्सालियन मिशनरी औरंगाबादकडच्या खेड्यांत येऊ लागल्यावर. त्यांनी विहिरी खोदल्या, दुष्काळात धान्य वाटले, शाळा काढल्या. हे ऋण मी नाकारणार नाही. ते धर्मगुरू आपल्या देशी पत्रे लिहीत. आम्ही त्या पत्रांतले लोक. माझ्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद एका जुन्या रजिस्टरमध्ये मी स्वतः वाचली. नवे नाव ठळक अक्षरांत, जुने नाव बारीक, त्याचेही स्पेलिंग असे की उच्चार करून पाहिल्यावर ओळख पटावी. वय अंदाजाने. जातीचा रकाना काळजीपूर्वक भरलेला. त्याच पानावर त्याच दिवशीची आणखी अकरा माणसे. पानाच्या समासात लिहिणाऱ्या फादरांनी या लोकांविषयी एक शेरा मारला होता. ज्यांनी मला तो वाचून दाखवला त्यांनी भाषांतर करताना शब्द मऊ केले, हे माझ्या लक्षात आले. मी काही बोललो नाही.

म्हणून स्ट्रेंजची रोजनिशी वाचताना माझे मन त्याच्या जहाजावर राहत नाही. ते होडीत जाऊन बसते. तांबे घ्यायला आलेला, अंगावरची पांघरूणे सुद्धा उतरवून देणारा तो माणूस घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाला असेल? पाळणा ओलांडणाऱ्या परक्याला त्यांनी बेदम मारले, हे आपण वाचतो आणि चुकचुकतो. मूल गेले त्या आईचे रडणे कोणत्याच वहीत नाही. आणि ती वही त्यांनी फाडली, त्यात तरी काय होते म्हणून फाडली? कदाचित हवापाण्याचीच नोंद असेल. कदाचित माक्विना म्हणाला तसे असेल. माझ्या हाती असता तर समासातला तो शेरा मीही फाडला असता की काय, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. फाडला तर आजोबांचे जुने नावही त्याबरोबर जाते. त्यांचे ते नाव दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही.

ज्या व्यापारासाठी हा सारा खटाटोप झाला त्याचा शेवट मोजक्या शब्दांत सांगता येतो. शंभर वर्षांत पाणमांजरे जवळजवळ संपली. १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन त्यांच्या शिकारीला बंदी झाली. व्हॅन्कूव्हर बेटाच्या किनाऱ्यावरचे शेवटचे जनावर १९२९ मध्ये मारले गेले. १९६९ ते १९७२ या काळात अलास्काहून एकोणनव्वद पाणमांजरे आणून तिथे सोडण्यात आली. ती वाढली. माणसांचे तितके सोपे नव्हते. देवी आणि इतर साथींनी वस्त्या ओस पडल्या. मीअर्सच्या नावाच्या बेटावर १९०० मध्ये मुलांसाठी एक कॅथॉलिक निवासी शाळा निघाली. अशा शाळांतून कॅनडाच्या मूळ रहिवाशांची मुले घरापासून आणि भाषेपासून तोडली गेली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मास्कवासिस येथे जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली, हे आपण सर्वांनी वाचले आहे.

नूटका हे नावच मुळी गैरसमजातून पडले. खाडीला वळसा घालून या, अशा अर्थाचे काही शब्द लोक होड्यांतून ओरडत होते. कुकने ते गावाचे नाव समजून लिहून घेतले. गावाचे खरे नाव युकोट. त्या लोकांच्या घराघरांतून कुकच्या आगमनाची हकीकत तोंडी चालत आली आणि विसाव्या शतकात वडीलधाऱ्यांकडून ती टिपून घेतली गेली. त्यांच्या हकीकतीत गोऱ्या, नाकेल्या माणसांकडे पाहून लोक म्हणतात की हे मासेच असावेत, माणसांचे रूप घेऊन आलेले. वाचताना मला मोठ्याने हसू आले.

आमची आजीही फादरांची गोष्ट सांगत असे. रजिस्टरमध्ये तिचे नाव एका ओळीत संपते, पण तिच्या गोष्टीत फादर संध्याकाळभर चालत. घोड्यावरून येत, दाढी तांबूस. जेवायला बसले की मांडी घालता येत नसे, म्हणून एक पाय लांब करून भिंतीला टेकत. पिठले तिखट लागले की डोळ्यांतून पाणी काढत आणि ‘फार चांगली, फार चांगली’ म्हणत. पिठल्याला ते चांगली म्हणत, आणि आजीला चांगला. रात्री कंदिलाशी बसून ते लिहीत, तेव्हा सासू तिला म्हणे, जा गं, बघ काय लिहितात. आजीला वाचता येत नव्हते. ती दाराआड उभी राहून त्यांच्या हाताकडे बघे. लिहिता लिहिता ते मधूनच थांबून डास मारत, आणि मेलेला डास कागदावरून फुंकून टाकत, एवढे तिने पाहिले होते.